मृगाआधी जाळी चालू करा, नाली मोकळी ठेवा

गोंदिया जिल्ह्यातील सर्व नागरिकांना, नगर परिषद व नगरपंचायतींच्या सदस्यांना, राइस मिल, हॉटेल आणि मंगल कार्यालय चालवणाऱ्यांना कळकळीचे आवाहन

मृग लागायला थोडेच दिवस उरले आहेत. शेतकऱ्याने धुरे नीट केले, पऱ्ह्यांसाठी बियाणे काढून ठेवले. शहरात राहणारे आपण पावसाची एक तयारी दर वर्षी दुसऱ्यावर सोडून देतो, ती आपल्या घरातून निघणाऱ्या घाण पाण्याची. दिवाळीपासून आजपर्यंत नालीत जे पडले, कडेला अडकले, वाळले, ते सगळे पहिला जोराचा पाऊस एका रात्रीत उचलतो. सॅनिटरी पॅड, लेकरांचे डायपर, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, लग्नातल्या पत्रावळी, चिंध्या, निर्माल्य. गोंदिया शहरातून हे पांगोलीकडे जाते, पांगोलीतून बाघ नदीत आणि बाघेतून वैनगंगेत. आपल्या नळाला येणारे पाणीही याच वैनगंगेवरच्या डांगोरलीहून येते.

म्हणून विनंती दोन गोष्टींची आहे आणि दोन्ही याच आठवड्यात सुरू व्हाव्यात. घराघरांतून नालीत आणि संडासात जाणारा घन कचरा आजपासून बंद व्हावा. आणि जिल्ह्यात जिथे जिथे सांडपाणी पंपाने उचलले जाते किंवा त्यावर प्रक्रिया होते, त्या प्रत्येक ठिकाणच्या तोंडाशी कचरा अडवणारी यांत्रिक जाळी पावसाआधी चालू स्थितीत असावी. जिथे केंद्र अजून व्हायचे आहे, तिथे ती जाळी आराखड्यात पहिल्या दिवसापासून असावी.

सांडपाणी प्रक्रिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठ्या टाक्या, फेसाळणारे पाणी, क्लोरीन येते. उद्घाटनाचे फोटोही त्यांचेच निघतात. सगळ्यात पुढे, पाणी आत शिरते त्या अरुंद पाटात उभी असलेली जाळी कोणाच्या नजरेत भरत नाही. पण तिच्यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे, हे गोंदियाच्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपले गाव राइस मिलचे. शेतातून आलेले धान कोणी थेट हलरमध्ये ओतत नाही. आधी चाळणीवरून जाते. काड्या, सुतळी, माती, खडे बाजूला होतात, मग धान रबर रोलपर्यंत पोचते. चाळणी बंद ठेवून मिल चालवली तर रोल किती दिवस टिकतील, हे आपल्या मिलमधला हमालही सांगेल. सांडपाणी केंद्रातल्या जाळीचे काम तेच आहे.

ही जाळी चालते कशी, ते थोडे जवळून पाहू. पाण्याच्या पाटात उभ्या पोलादी पट्ट्या रोवलेल्या असतात. पहिल्या, जाड जाळीत दोन पट्ट्यांमधली फट साधारण २० ते ५० मिलिमीटर असते. त्यानंतरच्या बारीक जाळीत ती ६ मिलिमीटरपर्यंत खाली येते. पाणी फटींतून निघून जाते आणि कचरा पट्ट्यांवर चढत जातो. तो चढला की जाळीच्या अलीकडे पाण्याची पातळी वाढते, पलीकडे उतरते. हा फरक सेन्सर ओळखतो आणि मोटार सुरू होते. साखळीला जोडलेला दातेरी पंजा तळापर्यंत उतरतो, त्याचे दाते पट्ट्यांच्या फटींत बसतात आणि पंजा कचरा खरवडत वर येतो. वर एक रबरी पट्टी तो कचरा पंजावरून ढकलते, कचरा ट्रॉलीत पडतो आणि पंजा पुन्हा खाली जातो. दिवसरात्र, न थकता. कोणाला खाली उतरावे लागत नाही, घाणीत हात घालावा लागत नाही.

पंजा वर येतो तेव्हा त्याच्या दात्यांना लोंबणारी वस्तू चटकन ओळखू येत नाही. राखाडी, पीळ पडलेला, हातभर लांब पेड. काठीने उकलून पाहिला तर आत साडीची किनार निघते, डोक्याचे केस निघतात, मोजा, राखीचा धागा, तोंड पुसायचा ओला वाइप, पॅडचे वरचे पातळ आवरण. वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या वेळी टाकलेल्या या वस्तू वाहत्या पाण्यात एकमेकींना गुंडाळत येतात आणि त्यांचा असा पेड होतो. पॅड आणि डायपरमध्ये पाणी धरून ठेवणारी जी भुकटी असते, ती नालीतही आपले काम करतच राहते. घरातून टाकताना मुठीत मावणारी वस्तू जाळीपर्यंत पोचते तेव्हा फुगून कितीतरी जड झालेली असते. ओले वाइप दिसतात कागदासारखे, पण त्यात बहुधा कृत्रिम धागा असतो. पाण्यात कागद विरघळतो, हे विरघळत नाहीत. पाकिटावर काहीही लिहिलेले असो, ते संडासात टाकायचे नाहीत.

जाळी नसेल किंवा बंद असेल तर हाच पेड पुढे पंपात जातो आणि पंख्याला गुंडाळला जातो. पंप आधी कमी पाणी फेकू लागतो, मग तापतो, मग ट्रिप होतो. वेळीच लक्ष गेले नाही तर मोटार जळते. रिवाइंडिंगला गेलेली मोटार परत येईपर्यंत पंपाच्या विहिरीत सांडपाणी भरत राहते आणि मग ते जिथून आले तिथेच उलटे फिरते. सखल भागातल्या चेंबरची झाकणे वर उचलली जातात, काळे पाणी गल्लीत येते, एखाद्याच्या न्हाणीघरातल्या जाळीतून घरात शिरते. त्या घरातली बाई नगर परिषदेला शिव्या देते. तिचा राग खरा आहे. पण त्या पंपाच्या पंख्याला गुंडाळलेल्या पेडात तिच्याच गल्लीतल्या चार घरांचे धागे असू शकतात, हेही तेवढेच खरे आहे.

पंपातून निसटलेला कचरा पुढे हवा सोडणाऱ्या नळ्यांवर बसतो. टाकीच्या तळाशी रबरी पडद्यांतून बारीक बुडबुडे सोडले जातात, त्यावर घाण खाणारे जिवाणू जगतात. पडदे झाकले गेले की हवा अडते, जिवाणू मरतात आणि बाहेर पडणारे पाणी आत आलेल्या पाण्यासारखेच असते. टाकी रिकामी करून ती साफ करायची म्हणजे केंद्र कित्येक दिवस बंद. कोट्यवधींच्या यंत्रणेला सुरुवातीची एक जाळी चालू नव्हती म्हणून असे दिवस येतात.

आता आपल्या शहराचा हिशोब करून पाहा. २०११ च्या जनगणनेत गोंदिया शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ३३ हजार होती. माणशी दररोज १३५ लिटर पाणी हा शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा निकष, आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होते असे धरतात. म्हणजे त्या जुन्या लोकसंख्येलाच दिवसाला सुमारे १ कोटी ४३ लाख लिटर सांडपाणी. सरकारी सांडपाणी मॅन्युअलमधला ठोकताळा असा आहे की २५ मिलिमीटर फटीची जाळी दर दहा लाख लिटरमागे साधारण १५ लिटर कचरा अडवते. गोंदियासाठी हे दिवसाला दोनशे लिटरच्या वर जाते. रोज एक मोठा ड्रम, काठोकाठ. आणि हा झाला वर्षभराचा सरासरी अंदाज. पहिल्या पावसाच्या रात्री काय येत असेल याची कल्पना करा. तो ड्रम रोज कोठेतरी जायला हवा. जाळीत अडकला नाही तर तो पंपात जाईल, टाकीत जाईल किंवा नदीत जाईल.

देशाचे चित्र याहून सुखाचे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. प्रक्रियेची बांधलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. म्हणजे जे बांधले तेही पूर्ण वापरले जात नाही. गोंदिया शहरात भुयारी गटार योजनेसाठी खोदलेले रस्ते आपण सगळ्यांनी सोसले, धूळ खाल्ली, चिखलातून गाड्या काढल्या. एवढे सोसल्यावर त्या वाहिन्यांच्या शेवटी उभे राहणारे केंद्र जर अर्ध्या ताकदीने चालणार असेल, तर ते आपण मान्य करायचे का? मला ते मान्य नाही, आणि तुम्हालाही नसावे.

यात सगळ्यात तातडीची बाब माणसाच्या जिवाची आहे. यांत्रिक जाळी बंद पडली की कचरा हाताने काढावा लागतो. लांब दांड्याचा पंजा घेऊन एक माणूस चेंबरच्या कडेला उभा राहतो, आणि कचरा घट्ट बसला असेल तर त्याला आत उतरायला सांगितले जाते. साचलेल्या सांडपाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोवर माणूस सावध असतो. वायूचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, वास गेला असे वाटते आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच राहतो. देशभर अशा घटनांत एकामागून एक दोन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा कोणालाही गटाराच्या किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला लावण्यास मनाई करतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही मनाई नगर परिषदेला आहे, ठेकेदाराला आहे आणि घरमालकालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारात मृत्यू झाल्यास वारसांना द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. ३० लाखांत कोणाचा बाप परत येत नाही. पंज्याची एक साखळी, एक गिअरबॉक्स, दोन सेन्सर वेळेवर बदलले तर तो माणूस संध्याकाळी घरी जातो. यंत्राच्या देखभालीचा खर्च लेखाशीर्षात नाही असे उत्तर यापुढे कोणत्याही सभागृहात ऐकून घेऊ नये, अशी सर्व सदस्यांना हात जोडून विनंती.

तिरोडा, आमगाव, गोरेगाव, देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव इथल्या वाचकांना वाटेल की हे गोंदिया शहराचे दुखणे आहे. तसे नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरांचे संडास सेप्टिक टँकला जोडलेले आहेत. टाकी भरली की उपसणारी गाडी येते. टाकीत पॅड आणि चिंध्या असतील तर गाडीचा पाइप तुंबतो, आणि मग बांबू घेऊन कोणाला तरी झाकणातून आत डोकवावे लागते. त्या टाकीतही तोच वायू असतो. गाडीतला मैला शेतात, बोडीत किंवा नाल्याकाठी ओतला जातो तिथे त्यातला घन कचरा जसाच्या तसा पडून राहतो. साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिकच्या सिन्नरने यावर मार्ग काढला आहे. तिथे टाक्या ठरावीक वर्षांनी, पाळीपाळीने उपसल्या जातात, घरोघरी वाट पाहावी लागत नाही, आणि मैला प्रक्रिया केंद्रात नेला जातो. अशा केंद्रात गाडीचा पाइप जिथे मोकळा होतो तिथेही पहिली असते ती जाळीच. आपल्या नगरपंचायतींनी मैला गाळ प्रक्रियेचे केंद्र मागताना किंवा चालवताना हे तपासून घ्यावे.

शेतकरी बांधवांना वेगळे सांगायला नको. नाल्याकाठच्या बांध्यांत पावसाचे पाणी शिरते तेव्हा शहराचा कचराही शिरतो. रोवणीच्या वेळी आपल्या माता-भगिनी दिवसभर अनवाणी पायांनी त्याच चिखलात वाकून उभ्या असतात. दाढीचे ब्लेड, फुटलेली काच, इंजेक्शनची सुई चिखलात दिसत नाही, पायालाच कळते. एका पायाला झालेली जखम म्हणजे रोवणीच्या हंगामातली मजुरी बुडाली. शहरात कोणीतरी ब्लेड नालीत टाकले, त्याची किंमत नाल्याकाठच्या बाईने मोजायची, ही व्यवस्था आपण अजून किती वर्षे चालू ठेवणार? तलावांचेही तेच. मासे आणि सिंगाडा यांवर ज्यांचे घर चालते त्या ढिवर कुटुंबांच्या जाळ्यात मरळीऐवजी प्लास्टिक येऊ लागले, तर जिल्ह्याच्या तलावांचा अभिमान आपण कोणत्या तोंडाने सांगायचा?

आता प्रशासनाकडे करायच्या मागणीबद्दल नीट बोलू, कारण नुसती "जाळी लावा" ही मागणी अपुरी आहे, आणि एका बाबतीत घातकही ठरू शकते. नाल्याच्या तोंडावर लोखंडी जाळी ठोकून दिली आणि ती साफ करायला ना यंत्र ना माणूस, तर पहिल्याच पावसात ती पत्रावळींनी आणि पिशव्यांनी लिंपून जाते. मागे पाणी तुंबते आणि वस्ती बुडते. मग रात्री कोणीतरी पहार घेऊन ती जाळी उखडून फेकतो, आणि त्यात त्याची चूक काढता येत नाही. म्हणून उघड्या नाल्यावर जिथे जाळी असेल तिथे ती पावसाळ्यात रोज, आणि मोठ्या पावसात दर काही तासांनी, काठावर उभे राहून किंवा यंत्राने साफ होईल अशी सोय आधी हवी. ती सोय नसेल तर जाळी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंपिंग स्टेशन आणि प्रक्रिया केंद्रात पाहण्याच्या गोष्टी वेगळ्या. जाळीशेजारी एक राखीव पाट असतो. यंत्र दुरुस्तीला काढले तर पाणी तिकडून वळवायचे, आणि त्यातही हाताने साफ करायची एक साधी जाळी असायला हवी. हा पाट तात्पुरता असतो. यंत्र बिघडले की त्याचे गेट उघडले जाते आणि पुढे महिनोन्‌महिने ते उघडेच राहते, ही या क्षेत्रातली सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात महागात पडणारी हयगय. कागदावर केंद्र चालू दिसते, पंप फिरत असतात, आणि जाळी शोभेला उभी असते. केंद्र पाहायला गेलात तर हे गेट बंद आहे की उघडे, एवढे एक नक्की पाहा.

मग वीज. आपल्याकडे वादळ आले की सगळ्यात आधी वीज जाते, आणि कचरा सगळ्यात जास्त येतो तोही त्याच वेळी. जनरेटरवर पंप जोडलेले असतील आणि जाळीची मोटार जोडलेली नसेल, तर पंप चालू आणि जाळी बंद अशी उलटी अवस्था होते. पाण्याच्या वेगाचेही गणित आहे. जाळीतून पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटरपासून १ मीटरच्या थोडे वर, एवढ्या वेगाने जायला हवे. फार संथ झाले तर वाळू पाटातच बसते, फार जोरात गेले तर कचरा दाबाने फटींतून पलीकडे ढकलला जातो. इथे नागरिकांचा संबंध येतो. गल्लीत पाणी साचले की आपण चेंबरचे झाकण उघडून ते पाणी गटारात सोडतो. कोणी गच्चीच्या पन्हाळीचा पाइपच चेंबरला जोडतो. त्याने गल्ली मोकळी होते, पण रस्त्यावरचा सगळा कचरा आणि वाळू घेऊन पावसाचा लोंढा जाळीवर आदळतो. पावसाचे पाणी पावसाच्या नालीत जाऊ द्या. झाकणाला हात लावू नका. उघड्या चेंबरमध्ये माणसे पडून जातात, हे तर आहेच.

जाळीवरून निघालेल्या कचऱ्याचे काय होते, हाही प्रश्न विचारा. तो ओला असतो, त्यात बहुतांश पाणीच असते, आणि त्याला मैल्याचा वास येतो. दाबून पाणी काढले, झाकलेल्या ट्रॉलीत भरला आणि त्याच दिवशी घनकचरा केंद्रात नेला तरच काम पुरे झाले. केंद्राच्या कुंपणाशी ढीग रचला तर दुसऱ्या पावसात तो परत त्याच नाल्यात जातो, वर कुत्री आणि डुकरे आहेतच.

राइस मिलच्या मालकांना विशेष विनंती. उष्णा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये धान भिजवून सोडलेल्या पाण्यात तूस, पोचट दाणे, काड्या आणि कोंडा असतो. हे पाणी बाहेर सोडण्याआधी आपल्या आवारातच बारीक जाळीतून आणि थांबवणाऱ्या टाकीतून न्यावे. तुसाचा पातळ थर जाळीच्या सहा मिलिमीटर फटी बघता बघता लिंपून टाकतो, म्हणून तो नगर परिषदेच्या जाळीवर लोटू नये. मिलमध्ये चाळणीचे महत्त्व तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? जिल्ह्याला दिशा देण्याची ताकद तुमच्यात आहे, ती इथे दाखवा.

हॉटेल, खानावळी आणि चाट-भजीच्या गाड्यांनी वापरलेले तेल नालीत ओतू नये. तेल थंड झाले की गोठते आणि वाइप, पॅड यांना चिकटून दगडासारखे होते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात असा एक गोळा सापडला, सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा. तो फोडून काढायला कामगारांना आठवडेच्या आठवडे लागले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची पक्की गटारे असलेल्या शहराची ही गत, तर आपल्या नव्या वाहिन्या किती दिवस टिकतील? वापरलेले तेल डब्यात जमा करा, ते विकत घेणारे आहेत. भांडी धुण्याच्या मोरीवर तेल अडवणारे छोटे चेंबर बांधून घ्या. मंगल कार्यालये आणि लॉनवाल्यांनो, लग्नसराईचे शेवटचे मुहूर्त चालू आहेत. पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास आणि उरलेला भात मागच्या नाल्यात जाणार नाही याची जबाबदारी केटररवर न ढकलता बुकिंगच्या कागदावरच लिहून घ्या.

आणि आता घर. आपल्या हातात खरोखर पूर्णपणे असलेली जागा हीच. संडासात फक्त मल, मूत्र आणि पाणी जावे. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून घंटागाडीत द्यावेत. घनकचरा नियमांनीच ही जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली आहे आणि नालीत कचरा टाकण्यास मनाई केली आहे. गाडीत देताना संकोच वाटतो, म्हणून अंधारात नालीत टाकले जाते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. बचत गटाच्या ताईंनी, अंगणवाडी सेविकांनी, आशा ताईंनी हा विषय येत्या बैठकीत मोकळेपणाने काढावा. नगर परिषदेने घंटागाडीला झाकणाचा वेगळा डबा लावावा, म्हणजे देणाऱ्या बाईला आणि घेणाऱ्या कामगाराला दोघांनाही सोपे जाईल. शाळा-कॉलेजांच्या मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाची टोपली नसेल तर मुली पॅड संडासात टाकणारच. मुख्याध्यापकांनी शाळा उघडण्याआधी टोपल्या ठेवाव्यात आणि रोज कोण रिकाम्या करणार हे ठरवावे. गणेश आणि शारदा मंडळांनी निर्माल्यासाठी वेगळे कुंड आतापासून ठरवले तर पुढे घाई होणार नाही.

एवढे केले तर मिळणारी गोष्ट लहान नाही. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रात प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीज दर धोरणाने सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांना प्रक्रिया केलेले पाणी वापरणे बंधनकारक केले आहे. आपल्या तिरोड्यात ३,३०० मेगावॉटचे वीज केंद्र आहे, आणि ते गोंदियापासून ५० किलोमीटरच्या आतच आहे. आज नदीतून उचलले जाणारे काही पाणी उद्या वैनगंगेतच राहील, आणि सांडपाणी विकून नगर परिषदेला देखभालीचे पैसेही मिळतील, हे शक्य आहे. चिंध्या आणि पॅड आलेले पाणी कोणतेही वीज केंद्र घेणार नाही.

म्हणून या रविवारी प्रत्येक प्रभागातल्या पाच-सात जणांनी एकत्र यावे आणि आपली नाली जिथे मोठ्या नाल्याला मिळते तिथपर्यंत चालत जावे. काय अडकले आहे ते पाहावे, मोबाइलवर फोटो घ्यावेत, पण नाल्यात उतरू नये. सोमवारी ते फोटो जोडून मुख्याधिकाऱ्यांना लेखी निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. त्यात नेमके विचारावे: आपल्या सांडपाण्याच्या वाटेवर यांत्रिक जाळ्या कोठे आहेत, त्यातल्या आज किती चालू आहेत, राखीव पाटाचे गेट बंद आहे का, जाळीची मोटार जनरेटरवर आहे का, साखळी आणि पंज्याचे सुटे भाग साठ्यात आहेत का, आणि निघालेला कचरा रोज कोठे जातो. उत्तरासाठी ७ जूनची मुदत द्यावी आणि त्या दिवशी जाऊन प्रत्यक्ष पाहावे. आणि या काळात कोठेही सफाई कामगाराला चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवले जाताना दिसले, तर त्याला तिथेच थांबवा, १४४२० वर फोन करा आणि उपसणारी गाडी येईपर्यंत झाकणापाशी उभे राहा.